१ ऑगस्ट १९२० : एका तारखेखालच्या तीन नोंदी

वर्तमानपत्रातले ‘दिनविशेष’ हे सदर बहुतेक लोक सकाळच्या चहाबरोबर वाचतात आणि चहा संपेपर्यंत विसरतात. मी मात्र ते कापून वहीत चिकटवीत आलो. माझ्याकडे इतिहासाची पदवी नाही. जे थोडेफार शिकलो ते ग्रंथालयांतल्या जुन्या फायलींतून, दप्तरखान्यांतल्या बाडांतून आणि अशा कात्रणांतून. या वह्यांत १ ऑगस्टच्या पानावर एकाच वर्षाच्या तीन ओळी एकाखाली एक येतात. १९२० : लोकमान्य टिळकांचे निधन. १९२० : असहकार चळवळीस प्रारंभ. १९२० : अण्णा भाऊ साठे यांचा जन्म.

या तीन ओळी मिळून भाषणाचा आयता मसाला होतो. एक सूर्य मावळला, दुसरा उगवला. एक युग संपले, दुसरे सुरू झाले. अशी वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत. पण त्या तीन नोंदी या तारखेपर्यंत तीन वेगवेगळ्या वाटांनी आल्या आहेत, आणि त्या वाटा पाहिल्या की योगायोगापेक्षा जास्त काही हाती लागते.

पहिली नोंद टिळकांची. जुलै १९२० मध्ये ते मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात आजारी पडले. मृत्यू झाला तो रात्री बारा वाजून चाळीस मिनिटांनी. वेळ मिनिटापर्यंत ठाऊक आहे, कारण साऱ्या शहराचे लक्ष त्या खोलीकडे लागले होते. चौपाटीवर अंत्यसंस्कार करण्यास सरकारने खास परवानगी दिली. भर पावसात अफाट जनसमुदाय लोटला. खांदा देणाऱ्यांत गांधी होते, शौकत अली होते.

आता ती चाळीस मिनिटे पाहा. इंग्रजी दिवस मध्यरात्री बदलतो, म्हणून ही घटना रविवार, १ ऑगस्टच्या खात्यात गेली. आपल्या पंचांगात वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत धरतात. त्या हिशेबाने तेव्हा शनिवारची रात्र चालू होती. नाडी तासभर आधी थांबली असती, तर दिनविशेषात ही ओळ ३१ जुलैखाली छापली गेली असती आणि तीन ओळींचा मेळ मुळात जमलाच नसता. ‘ओरायन’ या १८९३ च्या ग्रंथात नक्षत्रांच्या स्थितीवरून वेदांचा काळ ठरवू पाहणाऱ्या माणसाच्या मृत्यूची तारीख अशी कालगणनेच्या एका संकेतावर तोललेली असावी, हे मला नेहमी लक्षणीय वाटते.

दुसरी नोंद असहकाराची. ही तारीख आधी ठरवलेली होती. खिलाफतीच्या प्रश्नावर १ ऑगस्टपासून असहकार सुरू करायचा, उपवास, प्रार्थना आणि हरताळ पाळायचा, असे आधीच जाहीर झाले होते. टिळकांच्या मृत्यूशी त्या निर्णयाचा संबंध नव्हता. त्याच तारखेच्या पत्राने गांधींनी व्हाइसरॉय चेम्सफर्ड यांच्याकडे कैसर-ए-हिंद सुवर्णपदक आणि बोअर युद्ध व झुलू बंडाच्या वेळच्या सेवेची पदके परत पाठवली. काँग्रेसने मात्र त्या दिवशी असहकार स्वीकारलेला नव्हता. तो ठराव सप्टेंबरमध्ये कलकत्त्याच्या खास अधिवेशनात आला आणि डिसेंबरमध्ये नागपूरला पक्का झाला. टिळकांनी तर त्याच वर्षी एप्रिलमध्ये काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढून कौन्सिलांत जाण्याची तयारी चालवली होती. म्हणजे एक युग संपून दुसरे सुरू झाले असे जे आपण म्हणतो, त्याला १ ऑगस्टला नव्हे, पुढच्या पाच महिन्यांच्या वादविवादाला श्रेय द्यावे लागेल.

ठरवून दिलेल्या तारखांचे असेच असते. १ ऑगस्टच्याच पानावर आणखी एक जुनी ओळ आढळते : १८३४, ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरीचा अंत. कायदा त्या दिवशी अमलात आला हे खरे. पण सहा वर्षांखालील मुले तेवढी लगेच मोकळी झाली. बाकीच्यांना ‘उमेदवार’ या नावाखाली जुन्याच मालकांकडे राबावे लागले, आणि वसाहतींतली ही उमेदवारी संपायला १८३८ चा १ ऑगस्ट उजाडला. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख तर या कायद्यातून वगळलेलाच होता. तिथे, म्हणजे आपल्याकडे, वेगळा कायदा व्हायला १८४३ साल लागले. छापलेली ओळ खोटी नाही, पण ती कायदा करणाऱ्यांच्या बाजूने लिहिलेली आहे.

तिसरी नोंद वाटेगावची. आजच्या सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या या गावाच्या मांगवाड्यात भाऊराव आणि वालुबाई साठे यांना मुलगा झाला. नाव तुकाराम. त्या दिवशी ही बातमी कोणाच्याही लेखी बातमी नव्हती. मृत्यूची नोंद घडल्या क्षणी होते. जन्माची नोंद दिनविशेषात मागाहून चढते, आणि तीही त्या माणसाने आयुष्यभर काही केले तरच. मुंबईला पायी आलेले कुटुंब, गिरणीतली मजुरी, दीड दिवसाची शाळा, १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह उभे केलेले लाल बावटा कलापथक, १९५९ ची ‘फकिरा’ कादंबरी, १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनातले उद्घाटनाचे भाषण : एवढा प्रवास झाला, तेव्हा कुठे १९२० सालच्या त्या दिवसाला महत्त्व आले. १ ऑगस्ट २००२ रोजी टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले, तोवर त्यांना जाऊन तेहेतीस वर्षे झाली होती.

कागद नसेल तिथे घर वेगळ्या खुणेने जन्म लक्षात ठेवते. अण्णा भाऊंच्या जन्माच्या वेळी फकिराने बाळंतिणीला दोन ओंजळी सुरती रुपये दिल्याची हकीकत सांगितली जाते. घराच्या आठवणीत तारखेपेक्षा अशी हकीकत टिकते. ज्यांच्या घरी कागदही नव्हता आणि हकीकतही नव्हती, त्यांच्या मुलांना मास्तरांनी शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख देऊन टाकली. महाराष्ट्रात १ जूनला इतके वाढदिवस का असतात, याचे उत्तर ग्रहगोलांत नसून हजेरीपटात आहे.

सरकार या माणसांची नोंद ठेवतच नव्हते असे मात्र नाही. ‘फकिरा’त मांगवाड्याला हजेरी देण्याचा जाच आला आहे. कोण गावात आहे आणि कोण नाही, याची नोंद राज्यकर्त्यांना हवी होती. कोण जन्मले याचे त्यांना फार अगत्य नव्हते. तरीही एक वही होती. गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले कोतवाल बुक. गावातले जन्म आणि मृत्यू तीत उतरत. जुनी पाने बहुतेक मोडीत असतात. जन्माच्या रकान्यात मुलाचे नाव बहुधा नसतेच. बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, आणि तारीख एवढेच. या पानांवर मी बरीच वर्षे डोळे घातले आहेत, आणि दिनविशेषाची खरी मूळ प्रत हीच आहे असे मला वाटू लागले आहे.

१ ऑगस्ट हा महाराष्ट्रात महसूल दिनही असतो, कारण महसुली वर्ष त्या दिवशी सुरू होते. शाळांत त्याच दिवशी एका टेबलावर दोन तसबिरी ठेवून टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊंची जयंती साजरी होते. मुले दोघांवर भाषणे करतात. चांगलेच आहे. त्या भाषणांत कोणीतरी एवढे सांगावे की एका तसबिरीखालची तारीख साऱ्या शहराने जागून पाहिली होती आणि दुसरीखालची तारीख त्या माणसाने आपल्या लेखणीने मिळवली.

आज कोतवाल बुके उघडली जातात ती जातीच्या रकान्यासाठी, दाखला हवा म्हणून. ते काम झाले की वही पुन्हा रुमालात बांधली जाते. तिच्या कडा झडत आहेत, मोडी वाचणारे हात कमी होत आहेत. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावाखेरीज इतर शेकडो गावांतही मुले जन्मली. त्यांची ओळ दिनविशेषात कधी येणार नाही; ती असेल तर त्या वहीतच आहे. जवळच्या तहसील कचेरीत आपल्या गावाचा नमुना १४ कोणत्या अवस्थेत आहे, याची चौकशी वाचकांनी एकदा जरूर करावी.