भिवंडीची सतरंजी आणि आपली गच्ची

स्मरणिकेसाठी "काका, जुन्या आठवणी लिहा" असं सेक्रेटरींनी सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. पण टँकरचं पाणी, दोन वर्षं न आलेली लिफ्ट, पार्किंगमधला पहिला गणपती हे सगळं इतर मंडळी लिहिणारच. म्हणून मी आपल्या भांडणांविषयी लिहितो आहे. आपलं मीरा-भाईंदर नगरपरिषदेचं महानगरपालिका झालं २००२ साली. आपण इथे राहायला आलो ते त्याच्या दोन वर्षं आधी. तेव्हापासून सोसायटीत भांडणं कधी कमी नव्हती.

सुरुवात माझ्यापासूनच करतो. २००८ च्या पावसाळ्यात माझ्या बाथरूमचं छत गळायला लागलं. माणूस बँकेतला, त्यामुळे वर जाऊन बेल वाजवण्याऐवजी मी पत्र लिहिलं. मग स्मरणपत्र. मग कमिटीला, मग उपनिबंधकांना प्रत. एकूण चौदा पत्रं, सगळी जावक क्रमांकासह. उपविधींत कोणती तक्रार कमिटीकडे, कोणती उपनिबंधकांकडे, कोणती सहकार न्यायालयात, कोणती पोलिसांत हे सविस्तर दिलेलं आहे, आणि ते मला तोंडपाठ होतं. दीड वर्ष वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांशी मी जिन्यात बोललो नाही.

एका रविवारी संध्याकाळी सी विंगमधल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई आणि ए विंगमधले हार्डवेअरवाले भाई असे दोघं माझ्याकडे आले. आले ते वरच्या गृहस्थांना सोबत घेऊनच. चहा झाला. बाई म्हणाल्या, "आज कोण चूक ते ठरवायचं नाही, पाणी कुठून येतं तेवढंच बघू." प्लंबरने वरच्या नहाणीत रंगाचं पाणी सोडलं. तासभर आम्ही चौघं माझ्या बाथरूमच्या दारात माना वर करून उभे. रंग काही उतरला नाही. तडकलेला होता तो बाहेरच्या भिंतीवरचा ड्रेनेजचा पाइप, म्हणजे सोसायटीचा. त्या दीड वर्षात वरच्या घरात त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. माझं एक स्मरणपत्र तिच्या बाराव्याच्या दिवशी त्यांच्या हातात पडलं होतं.

ही पद्धत मी पूर्वी पाहिली होती, भिवंडीत. पण स्वतःवर वेळ आली तेव्हा ती आठवली नाही.

१९८९ पासून चार वर्षं मी भिवंडीतल्या शाखेत होतो. ठाण्याहून एसटीने जायचं आणि उतरल्यापासून यंत्रमागांचा खडखडाट ऐकायचा. उत्तर प्रदेशातून आलेले विणकर, तेलुगू कामगार, इथले आगरी, कोळी, मारवाडी व्यापारी, सगळे एकाच धंद्यात गुंतलेले. तरीही दंगल म्हटलं की भिवंडीचं नाव यायचं. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली, तिचं लोण जळगाव आणि महाडपर्यंत गेलं, न्यायमूर्ती मादन आयोग बसला. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा तेच. भिवंडी, ठाणे, मुंबई मिळून दोनशेहून अधिक माणसं गेली. आमच्या शाखेतले जुने हेडकॅशियर अमुक मिल, तमुक गोडाऊन असा पत्ता सांगताना "चौऱ्याऐंशीत जळलं ते" असं सहज म्हणायचे.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून तिथे आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दंगलीच्या आदल्या दिवशी पुढाऱ्यांना बोलावून हार घालायची शांतता समिती सगळ्यांना माहीत होती. ही तशी नव्हती. मोहल्ल्यातलीच माणसं, हिंदू आणि मुसलमान बरोबरीने, नेमाने भेटणार, आणि त्यांच्याबरोबर त्या बीटचा साधा हवालदार बसणार. गावात काही नसताना भेटायचं, हे त्यातलं मुख्य.

मी अशा दोन-चार बैठकांना गेलो. शाळेच्या व्हरांड्यात सतरंजी अंथरलेली. मला वाटलं होतं धर्म, ऐक्य वगैरे भाषणं होतील. विषय निघाले ते असे: गटार तुंबलंय, नळाला रात्री दोन वाजता पाणी येतं, अमक्याचा मुलगा दारू पिऊन शिव्या देतो, कारखानदाराने कामगाराची बाकी अडवली आहे. हवालदार वहीत लिहून घ्यायचा. एकदा एका विणकराच्या आणि शेजारच्या किराणावाल्याच्या भांडणात पाऊण तास गेला, कारण काय तर दारात ठेवलेली सायकल. मला तेव्हा तो वेळेचा अपव्यय वाटला होता.

मग डिसेंबर १९९२ आला. मुंबईत त्या महिन्यात आणि पुढच्या जानेवारीत मिळून श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे नऊशे माणसं मेली. भिवंडी मात्र शांत राहिली. खोपडे बदलून गेले होते, त्यांच्या जागी आलेल्या गुलाबराव पोळांनी समित्या चालू ठेवल्या होत्या. सायकलवरून भांडलेले ते दोघं त्या रात्री नाक्यावर एकाच बाकड्यावर बसले होते, असं आमच्या शिपायाने मला सांगितलं. अफवा आली की खरं काय ते विचारायला समोरचा माणूस ओळखीचा होता, एवढाच तो फरक. खोपड्यांनी पुढे 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' असं पुस्तकच लिहिलं. मुंबईतही १९९४ मध्ये पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला समित्यांचं काम उभं केलं.

पंच बसवणं ही गोष्ट आपल्या मातीत जुनीच. मराठेशाहीत गोतसभा बसायची तेव्हा वादी-प्रतिवादी आधी 'राजीनामा' लिहून द्यायचे, म्हणजे पंच सांगतील ते आम्हाला राजीखुशीने मान्य. (आज राजीनामा म्हणजे पद सोडणं. आपल्या दोन चेअरमननी तो दुसऱ्या अर्थाने दिला, पहिल्या अर्थाने दिला असता तर बरं झालं असतं.) १८७५ ला सुप्याला सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला, त्यानंतर १८७९ च्या कायद्यात सरकारने कोर्टाच्या आधी सलोखा करून देणारे नेमले. अलीकडचं म्हणजे १५ ऑगस्ट २००७ पासूनची तंटामुक्त गाव मोहीम, आर. आर. आबांची. तीही गावांसाठी. आपल्यासारख्या चौदा-चौदा मजल्यांच्या गावांचा त्यात विचार नव्हता.

पण जुनं म्हणून सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही. पंचांनी माणसं वाळीतही टाकली आहेत. जात पंचायतींच्या त्या जाचामुळेच महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. पंच निकाल देतो, मध्यस्थ निकाल देत नाही, हा फरक माझ्या मते फार मोठा आहे. २०२३ च्या केंद्राच्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं वेगळं प्रकरण आहे. त्यात दोन्ही बाजूंची आधी संमती लागते, तीन मध्यस्थ बसतात, आणि झालेली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी बजावता येत नाही. काही वकील मंडळी याला दात नसलेला कायदा म्हणतात. मला ते बरोबर वाटतं तसंच, कारण शेजाऱ्यावर जप्ती आणून शेजार टिकत नाही. अर्थात घरात कुणी बायकोवर हात उचलत असेल तर तिथे चहा पीत बसायचं नाही, सरळ पोलिसांना बोलवायचं. हे मी कमिटीत दोनदा बोललो आहे आणि दोनदा काही भुवया उंचावल्या आहेत.

भिवंडीचीही पुढची गोष्ट सांगायला हवी. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाशेजारच्या जागेवर पोलीस ठाणं बांधण्यावरून तिथे पुन्हा हिंसा झाली. गोळीबारात दोन माणसं गेली, जमावाने दोन पोलिसांना मारलं. अधिकारी बदलतात, उत्साह ओसरतो, सतरंजी गुंडाळली जाते. चौदा वर्षं काही घडलं नाही की बैठकीची गरज काय असं वाटायला लागतं.

आपलंही तेच झालं. माझ्या गळतीनंतर बाई आणि भाई यांनी महिन्याच्या पहिल्या रविवारी गच्चीवर बसायला सुरुवात केली. कुत्रा, पार्किंग, मेंटेनन्सची थकबाकी, मसाल्याचा वास, रात्री अकरानंतर सरकणारं फर्निचर, सगळं तिथे यायचं. एकशे सदतीस तक्रारी आल्या, त्यांतल्या फक्त तीन सहकार न्यायालयात गेल्या. माझ्याच अक्षरातली नोंदवही आहे, कुणीही पाहावी. भाई २०१९ मध्ये गेले, मग करोना आला, आणि गच्ची बंद पडली ती पडलीच.

२०२४ च्या जानेवारीत मीरा रोडवर ताण निर्माण झाला तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय फिरत होतं ते मी इथे लिहीत नाही, सगळ्यांनी वाचलं आहे. ज्यांच्या घरचा शिरखुर्मा पंचवीस वर्षं खाल्ला त्यांच्याविषयीही लिहिलं गेलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये चार माणसं उभी होती आणि कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. त्या रात्री भाईंच्या मुलाने खाली कंपाउंडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आणि इंटरकॉमवरून एकेकाला बोलावलं. आठ जण आले. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आले, मीही गेलो. पहिली वीस मिनिटं फक्त पाण्याच्या मोटरवर बोलणं झालं. मग एका तरुण मुलाने ग्रुपवरचा एक मेसेज स्वतःहून काढून टाकला. दीड वाजता आम्ही उठलो.

त्यानंतर पुन्हा कुणी बसलं नाही. बाईंना आता जिना चढवत नाही. नोंदवही ऑफिसच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहे, एकशे अडतिसाव्या नोंदीची जागा कोरी आहे. भाईंच्या मुलाशी मी बोललो आहे, तो तयार आहे. बाईंसाठी गच्चीऐवजी खालीच, पंपरूमशेजारी बसू. येत्या पहिल्या रविवारी सहा वाजता. चहा माझ्याकडून.