राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आणि वसई-विरार

केंद्र सरकारने जानेवारी 2019 मध्ये सुरू केलेला हवा-प्रदूषण नियंत्रण कार्यक्रम. हवेतील सूक्ष्म धूलिकण 2017 च्या तुलनेत 2024 पर्यंत 20 ते 30 टक्क्यांनी घटवणे हे मूळ उद्दिष्ट. पुढे ते 2025-26 पर्यंत 40 टक्के झाले. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार (महापालिका स्थापना 2009, लोकसंख्या 2011 मध्ये सुमारे 12.2 लाख) दहा लाखांवरील नागरी क्षेत्र असल्याने पंधराव्या वित्त आयोगाच्या हवाशुद्धी निधीला पात्र ठरले.

येथील धुळीमागे बांधकामे, उखडलेले रस्ते, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील अवजड वाहतूक आणि वालीव-सातिवली पट्ट्यातील कारखाने आहेत. गोखिवऱ्याच्या कचराभूमीचा प्रश्न मात्र दुहेरी आहे. ओला-सुका कचरा एकत्र पडला की तळचा थर हवेविना कुजून मिथेन सोडतो. हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक तापमानवाढ करतो. ढीग पेटला की वरून विझला तरी आत धुमसत राहतो आणि धूर वस्त्यांत शिरतो. म्हणून घरोघरी कचरा वेगळा करणे हा येथे हवामानाचा आणि श्वासाचाही उपाय ठरतो. कार्यक्रमाचा भर धूलिकणांवर. मिथेन त्याच्या मोजमापाबाहेर राहतो, ही त्याची गंभीर उणीव होय.

वसईच्या पश्चिमेकडील केळीच्या वाड्या व पाणथळ जागा राखण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई’ चळवळ उभी राहिली. स्वच्छ हवेच्या आराखड्यात या हरितपट्ट्यालाही मानाचे स्थान हवे.