पत्त्यांतला जोशी : टॅरोचा इतिहास आणि आपली फसवणूक

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गातली एक मुलगी वर्ग संपल्यावर मागे थांबली. एमपीएससीची पूर्व परीक्षा दोनदा पास, मुख्य परीक्षेत दोनदा अडकलेली. घरात बाबासाहेबांचा फोटो, दारात पंचशील ध्वज, पंचांग त्या घरात कधी शिरलेले नाही. तिने हळूच विचारले, "दादा, कोणी विश्वासू टॅरो रीडर माहीत आहे का? आधीच्या बाईंनी फसवलं."

फसवणूक कशी झाली तेही तिने सांगितले. मोबाईलवर जाहिरात आली : ९९ रुपयांत एक प्रश्न. पत्त्यात 'अडथळा' निघाला. अडथळा कोणाचा, ते कळायला २,१०० रुपये. अडथळा जवळच्याच माणसाच्या मत्सराचा निघाला, आणि तो काढायला 'ऊर्जा शुद्धी'चे ११,००० रुपये. तिने शिष्यवृत्तीचे पैसे दिले. त्यानंतर फोन लागेना.

तिचा प्रश्न 'टॅरो खरे का' हा नव्हता, 'खरा टॅरोवाला कोण' हा होता. म्हणजे दुकान खोटे निघाले तरी माल खरा, असे तिने धरून ठेवले होते. आमचे म्हणणे उलटे आहे. दुकानदार बदलून काही होणार नाही, कारण मालाचा इतिहासच थापेपासून सुरू होतो. तो इतिहास आपण एकदा नीट पाहू.

पत्ते होते खेळायचे

टॅरोचे पत्ते पंधराव्या शतकात, १४४० च्या आसपास, उत्तर इटलीत तयार झाले. मिलान, फेरारा, फ्लॉरेन्स ही त्यांची गावे. नेहमीच्या चार रंगांच्या ५६ पत्त्यांना २२ चित्रांचे जास्तीचे पत्ते जोडले, असे एकूण ७८. ती २२ चित्रे म्हणजे हुकमाचे पत्ते. सरदार-दरबारी लोक त्यावर डाव मांडत. मिलानच्या राजघराण्यासाठी सोन्याचा वर्ख लावून केलेले पत्ते आजही संग्रहालयांत आहेत. फ्रान्स, इटली, ऑस्ट्रियात हा खेळ आजही खेळला जातो.

चित्रात मृत्यू आहे, सैतान आहे, चंद्र-सूर्य आहेत, म्हणून पत्ता गूढ होतो का? आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा पाहा. दशावतारी गंजिफेच्या १२० गोल पत्त्यांवर विष्णूचे दहा अवतार रंगवलेले असतात. देव रंगवले तरी तो खेळच राहिला, आणि लोक त्यावर डावच खेळत आले.

१७८१ ची थाप

मग या खेळाचे भविष्य कधी झाले? १७८१ साली पॅरिसमध्ये आंत्वान कूर द जेबलँ नावाच्या विद्वानाने आपल्या ग्रंथमालेच्या आठव्या खंडात जाहीर केले की टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा गुप्त ग्रंथ आहे. पुरावा? काहीही नाही. इजिप्तची चित्रलिपी त्या वेळी युरोपात कोणालाच वाचता येत नव्हती. शाँपोल्योंने ती उलगडली १८२२ साली, म्हणजे ४१ वर्षांनंतर. लिपी उलगडल्यावरही तिच्यात टॅरोचा मागमूस सापडला नाही. तोवर धंदा मात्र सुरू झाला होता. आलिएत नावाच्या एका पॅरिसकराने आपले आडनाव उलटे करून 'एतेला' असे गूढ नाव घेतले, १७८५ साली टॅरोवरून भविष्य सांगण्याचे पुस्तक काढले आणि पत्ते वाचण्याचे व शिकवण्याचे पैसे घेऊ लागला.

'हे अतिप्राचीन आहे, पुरोहितांचे आहे, तुम्हाला कळणार नाही' ही तीन वाक्ये आपल्या ओळखीची नाहीत का? 'वेदांत सगळे आहे' म्हणणाऱ्याची रीतही हीच. पुरावा मागितला की प्राचीनता पुढे करायची.

आज जगभर चालणारा संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला. आर्थर वेट याने तो सांगितला आणि रायडर या प्रकाशकाने छापला, म्हणून तो 'रायडर-वेट' झाला. पण ७८ चित्रे काढली पामेला कोलमन स्मिथ या बाईने. तिला थोडीशी रक्कम एकदाच मिळाली, विक्रीतला वाटा मिळाला नाही, संचाच्या नावातही जागा मिळाली नाही. १९५१ साली ती गरिबीत वारली. श्रम एकाचा आणि नाव दुसऱ्याचे हा हिशेब आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

ही थाप कागदोपत्री उघडी पाडणाऱ्यांत ऑक्सफर्डचे तर्कशास्त्राचे प्राध्यापक मायकेल डमेट यांचे नाव मोठे आहे. १९८० साली त्यांनी टॅरोच्या खेळाचा सविस्तर इतिहास लिहिला आणि पत्त्यांचा भविष्याशी संबंध किती उशिरा जोडला गेला ते दाखवले. हेच डमेट ब्रिटनमधल्या वर्णद्वेषाविरुद्ध स्थलांतरितांच्या बाजूने रस्त्यावर उतरलेले कार्यकर्ते होते, हे आपल्या तरुणांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. चिकित्सा आणि चळवळ हातात हात घालून चालतात.

जोतीरावांनी हे १८५५ सालीच लिहिले

"पण दादा, त्यांनी माझ्याबद्दल बरोबर सांगितलं," असे ती मुलगी म्हणाली. काय सांगितले? 'तू बाहेरून खंबीर आहेस, आतून खचतेस. तुझ्या कष्टाचे चीज झालेले नाही.' अहो, हे मुख्य परीक्षेत अडकलेल्या कोणालाही लागू पडेल!

१९४८ साली अमेरिकेत बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचे खास व्यक्तिमत्त्व-वर्णन' म्हणून एकेक कागद दिला. वर्णन किती जुळते याला त्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर होता, आणि तो रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला होता.

पण फोररच्या किती आधी महात्मा फुल्यांनी ही युक्ती उघडी केली होती! १८५५ सालच्या 'तृतीय रत्न' नाटकात जोशी गरोदर कुणबी बाईच्या दारात येतो. बोलता बोलता तिच्याकडूनच माहिती काढतो, पोटातल्या बाळाला ग्रहपीडा असल्याची भीती घालतो, आणि मग अनुष्ठान व ब्राह्मणभोजनाचा खर्च त्या कुटुंबाच्या गळ्यात बांधतो. माहिती काढणे, भीती घालणे, उपाय विकणे. ९९, २,१०० आणि ११,००० या तीन आकड्यांत वेगळे काय आहे? जोशी दारात यायचा, आता तो मोबाईलवर येतो. नाटकाच्या शेवटी ते नवरा-बायको दुसरा 'चांगला जोशी' शोधत नाहीत. ते शिकायला निघतात. आमचे सगळे म्हणणे त्या शेवटात आहे.

"पण टॅरोत भट कुठे आहे?"

हा आक्षेप आमच्याच मित्रांकडून येतो. टॅरोला जात लागत नाही, संस्कृत लागत नाही, बाईमाणूसही बसू शकते. मग आंबेडकरवाद्यांना अडचण काय? आक्षेपात तथ्य आहे. जन्माची मक्तेदारी इथे नाही. पण बाबासाहेबांनी आपल्याला भटाच्या जागी दुसरा कोणी बसवायला सांगितले नव्हते. तपासता न येणाऱ्या ज्ञानावर कोणाचीच सत्ता चालू नये, असा तो मार्ग आहे. दीघ निकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात अंगलक्षणे, स्वप्ने, शकुन पाहून पोट भरणे ही मिथ्या उपजीविका म्हटली आहे. तिथे सांगणाऱ्याची जात विचारलेली नाही, धंदाच नाकारला आहे.

जात नसली म्हणून शोषण थांबते असेही नाही. अमेरिकेत 'मिस क्लिओ' नावाने दूरचित्रवाणीवर टॅरोची जाहिरात चाले. चेहरा एका कृष्णवर्णीय बाईचा, कंपनीचे मालक वेगळेच. 'मोफत' म्हणून फोन करायला लावायचे आणि मग मिनिटाला ४.९९ डॉलर लावायचे. सरकारी व्यापार आयोगाने खटला भरल्यावर २००२ साली कंपनीला ग्राहकांकडची ५० कोटी डॉलरची येणी सोडून द्यावी लागली आणि ५० लाख डॉलर दंड भरावा लागला.

तपासणी आपल्याकडेही झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या. हुशार मूल कोणते आणि मतिमंद कोणते एवढेच ओळखायचे होते. बरोबर उत्तरे निघाली सुमारे ४६ टक्के, म्हणजे नाणे उडवून येतील त्याहून बरी नाहीत. त्यांचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला, पण ज्योतिषाचा सल्ला त्याच्या कक्षेबाहेर राहिला. म्हणून कायद्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. आपली चिकित्साच आपल्या कामी येईल.

मग विश्वासू कोण?

भविष्य सांगणारा विश्वासू कोणीच नाही, हे आमचे उत्तर. तरीही कोणी मित्र गंमत म्हणून जाणारच असेल, तर त्याला पुढच्या खुणा सांगाव्यात. आधी भीती आणि मग उपाय आला, तर तिथेच उठावे. पहिली फी लहान आणि दुसरी मोठी असेल तर तो सापळा आहे. 'घरी सांगू नकोस', 'आजच पैसे भर' म्हणणारा चोर आहे. आजार, औषध, गर्भ, कोर्टकचेरी, कर्ज यांवर पत्ते काढणारा सरळ धोकादायक आहे. ओटीपी, आधार, नग्न फोटो किंवा जोडीदाराची खासगी माहिती कोणालाही देऊ नये. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका. पावत्या आणि संभाषण जपून ठेवा, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि पोलिसांत तक्रार द्या. त्या मुलीबरोबर आम्ही पोलीस ठाण्यात जाऊन आलो. पैसे परत येतील की नाही माहीत नाही, पण तक्रार तिने स्वतःच्या अक्षरात लिहिली.

शेवटी आमच्याच माणसांना एक प्रश्न. ती पत्त्यांकडे का गेली? दोनदा अपयश आल्यावर तिचे अर्धा तास शांतपणे ऐकून घेणारे कोणी नव्हते. टॅरोवालीने ऐकले, आणि त्याचेच पैसे घेतले. आपल्या विहारात वंदना होते, जयंतीला डीजे लागतो, पण निकाल लागल्यावर खचलेल्या पोरांसाठी कोणी बसते का? सरकारची १४४१६ ही मानसिक आधाराची मोफत हेल्पलाइन आहे, तिचा नंबर किती विहारांच्या फलकावर आहे? या रविवारपासून आमच्या अभ्यासवर्गानंतर एक तास फक्त ऐकण्यासाठी ठेवला आहे. फी नाही, पत्ते नाहीत, भविष्य नाही. तुमच्या वस्तीतही हे सुरू करा.

अत्त दीप भव! जय भीम!