स्निग्धद्रव्यांचे त्वचेवरील परिणाममापन

सौंदर्यप्रसाधनांतील तेले, मेणे व मेदाम्ले त्वचेचा कोरडेपणा किती कमी करतात, हे उपकरणांनी मोजण्याची पद्धती. त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थरात मृत पेशींच्या मधल्या जागेत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मुक्त मेदाम्ले असतात. ती शरीरातील पाणी फारसे बाहेर जाऊ देत नाहीत. ती घटली की त्वचा फुटते.

अशी स्निग्धद्रव्ये देणारी सोयाबीन व करडई ही तेलबियांची पिके मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात होतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईचा ‘परभणी कुसुम’ हा वाण विकसित केला. करडईच्या नेहमीच्या तेलात सुमारे ७०–७५% लिनोलेइक आम्ल असते. त्वचा त्यापासून विशिष्ट सिरॅमाइड घडवते. सोयाबीनमधील लेसिथिन हे तेल व पाणी एकजीव करते.

मुख्य मोजमाप त्वचेतून बाष्परूपाने जाणाऱ्या पाण्याचे असते. ते दर चौ. मीटरला दर तासाला किती ग्रॅम असे सांगतात. ओलावा विद्युत् धारकतेवरून, तर लवचिकता त्वचा सौम्यपणे शोषून ताणून मोजतात. चिकटपट्टीने काढलेल्या थराच्या पृथक्करणातून द्रव्य किती खोल गेले ते कळते.

चाचणी साधारण २०–२२° से. तापमानाच्या, नियंत्रित आर्द्रतेच्या खोलीत, स्वयंसेवकाला काही वेळ शांत बसवून घेतात. हाताच्या एका भागावर द्रव्य लावतात व दुसरा तुलनेसाठी तसाच ठेवतात. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम व आर्द्रतेतील बदल आकडे फिरवू शकतात. म्हणून ही दक्षता अनिवार्य ठरते.