गाडगेमहाराजांच्या कीर्तनाचा पूर्वरंग

गाडगेमहाराजांचें कार्य सांगावयाचें म्हणजे धर्मशाळा मोजावयाच्या, असा प्रघात पडला आहे. आम्ही येथें त्यांच्या कीर्तनाच्या रचनेकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं परीट कुळांत झाला. १९०५ सालीं त्यांनीं गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, हातीं गाडगें व खराटा, हा त्यांचा वेष.

भरताच्या नाट्यशास्त्रांत पूर्वरंग हा प्रयोगापूर्वीं करावयाचा विधि होय. नारदीय कीर्तनांत पूर्वरंगीं तत्त्वनिरूपण व उत्तररंगीं आख्यान असतें. महाराजांचा पूर्वरंग म्हणजे दिवसा गांव झाडणें. रात्रीच्या उत्तररंगांत प्रश्न असत: कर्ज काढून सण कां करावा? नवसासाठीं मुका पशु कां मारावा? शिवाशीव कां पाळावी? हें ते वऱ्हाडी बोलींत विचारीत व उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवीत. ज्यास दिवसा आपल्या दारची घाण काढतांना पाहिलें, त्याचा प्रश्न टाळणें श्रोत्यांस जड जाई. खराट्यानें प्रश्नाचा अधिकार मिळविला, तो असा.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनीं १९४९ सालीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस दिली. १९५६ सालीं ते निवर्तले. पुढें २०००-०१ सालीं त्यांच्या नांवें शासनाचें ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालें. त्यांत खराटा आला. प्रश्न मागें राहिले. बुलढाणें जिल्ह्यांतील धाडसारख्या गांवीं त्यांचें स्मरण करावयाचें, तर रस्ता झाडून झाल्यावर रात्रीं ते प्रश्नही विचारले पाहिजेत. पूर्वरंगावरच थांबलेलें कीर्तन पुरें झालें, असें कोणी म्हणत नाहीं.