लठ्ठपणातही लोहाची कमतरता : सूक्ष्म खनिजे आणि शरीरातील चरबी यांचा संबंध

शोळिंगनल्लूर (चेन्नई) : जुन्या महाबलीपुरम मार्गावरील माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांमुळे विस्तारलेले शोळिंगनल्लूर हे उपनगर २०११ मध्ये चेन्नई महापालिकेत समाविष्ट झाले. बैठे काम आणि पॉलिश केलेल्या तांदळाचा आहार ही येथील नोकरदारांची ओळख. वजन अधिक म्हणजे पोषण पुरेसे, हा समज मात्र तामिळनाडूचे आकडे खोटा ठरवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ४०.४ टक्के महिलांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आहे आणि ५३.४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रात हेच प्रमाण अनुक्रमे २३.४ आणि ५४.२ टक्के आहे.

लोह, जस्त, तांबे, आयोडीन, सेलेनियम, क्रोमियम ही खनिजे शरीराला अत्यल्प प्रमाणात लागतात, म्हणून त्यांना सूक्ष्म खनिजे म्हणतात. चरबीशी असलेला त्यांचा संबंध लोहाच्या बाबतीत सर्वाधिक स्पष्ट झाला आहे. आतड्यातून रक्तात किती लोह जावे, हे यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक ठरवते. चरबी वाढली की शरीरात सौम्य पण दीर्घकाळ टिकणारा दाह निर्माण होतो. त्यामुळे हेप्सिडिन वाढते आणि लोहाची वाट आखडते. ताटात लोह असूनही ते रक्तात पुरेसे पोहोचत नाही. याच दाहामुळे लोहसाठा दर्शवणाऱ्या फेरिटिनची पातळीही वाढते. त्यामुळे लठ्ठ व्यक्तीचा केवळ फेरिटिनचा अहवाल पाहून लोह पुरेसे आहे असे मानणे फसवे ठरू शकते.

आहाराचा वाटाही मोठा आहे. मद्रास मधुमेह संशोधन प्रतिष्ठानच्या चेन्नईतील पाहणीत रोजच्या ऊर्जेपैकी जवळपास निम्मी ऊर्जा पॉलिश केलेल्या तांदळासारख्या शुद्धीकृत धान्यांतून येत असल्याचे आढळले. तांदूळ पांढरा करताना कोंड्याबरोबर बरीच खनिजे निघून जातात. जेवणाबरोबरची कॉफी वा चहा लोहाचे शोषण आणखी कमी करतो. इडली-डोशाचे पीठ आंबवल्याने मात्र खनिजांना बांधून ठेवणारे फायटेट घटते.

जस्ताचे चित्र धूसर आहे. स्वादुपिंडात इन्सुलिन साठवण्यासाठी ते लागते आणि लठ्ठ व्यक्तींच्या रक्तात ते अनेकदा कमी आढळते. पण दाहामुळेही रक्तातील जस्त घटते, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे सांगणे अवघड आहे. आयोडीन अपुरे पडल्यास थायरॉईडचे कार्य मंदावून वजन वाढू शकते.

‘चरबी जाळणाऱ्या’ क्रोमियम पिकोलिनेटच्या गोळ्यांचा दावा सर्वांत कमकुवत आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात नऊ चाचण्यांमधील ६२२ जणांची माहिती तपासली गेली. वजनातील घट सरासरी १.१ किलो होती आणि ठाम निष्कर्षासाठी पुरावा अपुरा ठरला. सेलेनियमबाबत तर उलटाच अनुभव आला. अमेरिकेतील एका चाचणीत रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घेणाऱ्यांमध्ये मधुमेहाचे प्रमाण अधिक दिसले. त्याचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

वजनकाट्यावरून चरबीचा अंदाज बांधणेही भारतीयांच्या बाबतीत चुकू शकते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचा शरीरभार निर्देशांक सारखाच, २२.३ होता. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छायाचित्राखाली चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के नोंदवले होते.