उल्हास खोऱ्यातील लोकाश्रित रंगभूमी : कीर्तन, जलसा आणि भगत

मराठी रंगभूमीचा इतिहास १८४३ साली सांगली येथे झालेल्या विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून मांडण्याचा प्रघात आहे. हा प्रघात सोयीचा असला तरी त्यात एक गृहीत दडलेले आहे. नाटक म्हणजे प्रथम राजाश्रयाने व पुढे तिकिटाच्या उत्पन्नावर चालणारी कला, असे ते गृहीत होय. ज्या प्रयोगांना ना राजा होता ना तिकीट, ते या इतिहासात प्रस्तावनेपुरते येतात किंवा ‘लोककला’ या सदरात टाकले जातात. कल्याणच्या पुढे लोहमार्गाला लागून असलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन गावांकडे पाहिले असता या मांडणीची अपुरी बाजू विशेष स्पष्ट होते.

या तिन्ही गावांची घडण भिन्न आहे. अंबरनाथ हे शिलाहारकालीन शिवालयामुळे इतिहासज्ञांना परिचित आहे. तेथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. त्याच गावात विसाव्या शतकात आगपेट्यांचा व पुढे युद्धसाहित्याचा कारखाना उभा राहिला आणि देवळाच्या परिसरात कामगारवस्ती वाढली. बदलापूर दीर्घकाळ शेतीचे गाव राहिले. उल्हासनगर तर फाळणीचे अपत्य होय. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना जागा देण्यात आली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीस उल्हास नदीवरून नवे नाव मिळाले. शेतकरी, कामगार व निर्वासित अशा तीन समाजांची वस्ती काही मैलांच्या टापूत एकवटली.

प्रथम बदलापूरचा प्रसंग घेऊ. ३ मे १९२७ रोजी तेथे झालेल्या शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्षस्थान डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्वीकारले होते. महाडच्या चवदार तळ्यावरील सत्याग्रहास तेव्हा पुरते दीड महिनेही झाले नव्हते, आणि ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिकाचा पहिला अंक निघून नेमका एक महिना लोटला होता. उत्सवाचे निमंत्रण पालये शास्त्री या ब्राह्मण गृहस्थांकडून आले होते. या प्रसंगी अस्पृश्य मंडळी सवर्णांबरोबर बसून कीर्तन ऐकत होती, ही गोष्ट चरित्रकारांनी नोंदविली आहे. अध्यक्षीय भाषणाकडे अभ्यासकांचे लक्ष जाते, ते स्वाभाविकच आहे. परंतु प्रयोगकलेच्या इतिहासात कीर्तनाच्या मंडपातील ती बैठक अधिक मोलाची ठरते. कीर्तनकाराने कोणते आख्यान लावले, यापेक्षा श्रोते कसे बसले होते यात त्या दिवसाचा आशय होता. तळ्याच्या पाण्यासाठी महाडला जे घडले ते संघर्षाने घडले. बदलापुरास एका रात्रीपुरते का होईना, ते श्रोतृवृंदाच्या रचनेतून घडले.

मात्र येथे सावध राहावयास हवे. एका मंडपात बसणे म्हणजे एका पंगतीस बसणे नव्हे, आणि निमंत्रकाच्या उदारतेवर अवलंबून असलेली समता निमंत्रण संपताच संपते. ही उणीव ज्यांनी ओळखली त्यांनी स्वतःचा मंच उभारला. १८५५ साली जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीपुढे ठेवले होते. कमिटीने ते नाकारले. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि पुढे त्याच्या विचारांचा प्रसार करणारे जलसे उभे राहिले. तमाशाचा सांगाडा त्यांनी ठेवला, पण गणाचा अर्थ पालटला, शृंगारिक गवळणीची जागा उपदेशपर संवादाने घेतली आणि वगात राजाराणीऐवजी भिक्षुक, सावकार व कुळ आले. आंबेडकरी जलसा याच वाटेने पुढे गेला. नाशिककडील भीमराव कर्डक यांच्या जलशाचे नाव यात अग्रभागी येते. ज्या समाजाच्या काही जातींना तमाशात नाचविले जात होते, त्याच समाजातील तरुणांनी तमाशाचे साधन हाती घेऊन त्यातील हीनत्व काढून टाकले. सेवा करणारा आणि सेवा घेणारा हा भेद येथे मावळतो.

कामगारवस्तीत हा वारसा निराळ्या रूपाने आला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक स्थापन केले. मुंबईच्या गिरणगावात घडलेले हे लोकनाट्य संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत महाराष्ट्रभर पोहोचले. राष्ट्र सेवा दलाचे कलापथकही त्याच सुमारास खेडोपाडी फिरत होते, पु. ल. देशपांडे यांचे ‘पुढारी पाहिजे’ हे त्याच पथकासाठी लिहिले गेले. या दोन्ही पथकांविषयी विपुल लेखन झालेले असल्याने येथे अधिक विस्तार अनावश्यक आहे. एवढेच नमूद करणे पुरे की कलापथकात नट बहुधा बाहेरून येई व निघून जाई. जलशाचा शाहीर मात्र वस्तीतलाच असे.

सिंधी बांधवांची परंपरा मराठी अभ्यासकास सर्वांत कमी परिचित आहे, म्हणून तिच्यावर थांबणे इष्ट आहे. सिंधी शिक्षितांना आधुनिक नाटक नवे नव्हते. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातील नाट्यसंस्था एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, तर हैदराबादचा रवींद्रनाथ लिटररी अँड ड्रॅमॅटिक क्लब १९२३ चा. परंतु बराकीत राहणाऱ्या सामान्य माणसाच्या ओळखीचा होता तो ‘भगत’. पायघोळ जामा व पायांत घुंगरू घातलेला मुख्य गायक, त्याच्या मागे साथ करणारे गडी, सभोवती मोकळ्यावर बसलेले श्रोते, आणि गाणे, नृत्य व आख्यान यांची रात्रभर चाललेली गुंफण, असे त्याचे स्वरूप. आपल्याकडील कीर्तन व खडी गंमत यांच्या मधोमध कोठेतरी तो बसतो. या कलेतील सर्वश्रेष्ठ नाव संत कंवरराम (१८८५–१९३९) यांचे. श्रोत्यांकडून मिळालेला पैसा ते गरजूंना वाटून टाकीत, अशी त्यांची ख्याती होती. १ नोव्हेंबर १९३९ रोजी रुक स्थानकावर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. सिंध सोडून आलेल्या पिढीने जी नावे बरोबर आणली, त्यांत हे एक होते.

कंवरराम यांच्याशेजारी गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) ठेवून पाहावे. दोघे समकालीन; एकाची भाषा सिंधी, दुसऱ्याची वऱ्हाडी बोली. गाडगेबाबा दिवसा गाव झाडीत व रात्री प्रश्नोत्तरांनी श्रोत्यांस बोलते करीत. लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. याच्या उलट व्यावसायिक रंगभूमीची सेवा पाहा. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी केलेला ‘संयुक्त मानापमाना’चा प्रयोग आजही गौरविला जातो, आणि तो गौरवास पात्रच आहे. तथापि तेथे नाटक पूर्वीचेच राहिले, प्रेक्षकही तिकीट परवडणारेच राहिले. बदलला तो फक्त उत्पन्नाचा धनी. भगत व कीर्तन यांत पैसा प्रयोगाच्या आतच फिरे. देणाऱ्यासमोर तो घेतला जाई, आणि त्याचे काय होते हे गावाला दिसे.

उल्हासनगरात या परंपरेवर आणखी एक भार पडला. सिंधी भाषेस भारतात स्वतःचा प्रांत उरला नव्हता, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान मिळण्यास १० एप्रिल १९६७ हा दिवस उजाडावा लागला. मधल्या वीस वर्षांत भाषा टिकली ती घरात, शाळांत आणि गाण्याच्या मैफलीत. प्रा. राम पंजवानी यांनी मडक्याच्या तालावर गात झूलेलाल व चेटीचंड यांभोवती विखुरलेल्या समाजास एकत्र आणले. प्राध्यापक, कादंबरीकार व गायक एकाच व्यक्तीत असणे हे मराठीत वारंवार आढळणारे दृश्य नव्हे. जलशाने समाजाला जुने सोडावयास शिकविले, तर या मैफलींनी हिरावलेले धरून ठेवावयास शिकविले. दोन्हींस समाजपरिवर्तन म्हणता येते काय, हा प्रश्न रास्त आहे. ज्याचे गाव, घर व लिपीचे राज्य एका वर्षात गेले, त्याने नव्या जागी स्वतःस समाज म्हणून पुन्हा उभे करणे हेही परिवर्तनच मानावे लागेल. मात्र त्याची दिशा जलशाच्या दिशेशी जुळत नाही, हे लपविण्याचे कारण नाही. जलशाचा रोख आपल्याच समाजाला जखडणाऱ्या धर्मव्यवस्थेवर होता. भगतास असा प्रतिपक्षच नव्हता.

साधनांच्या बाबतीत या परंपरांची स्थिती सारखीच आहे. तिकीट नसल्याने जाहिरात नाही, जाहिरात नसल्याने वृत्तपत्रात परीक्षण नाही, आणि संहिता बहुधा शाहिराच्या वहीत किंवा मुखात. ‘तृतीय रत्न’ छापून यावयास १९७९ साल उजाडले. भीमराव कर्डक यांचे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक १९७८ चे, जे जलसे त्यात आले आहेत, त्यांचा भर ओसरून तोवर कित्येक दशके लोटली होती.